रिकामा बसलेला पीसी रिस्टार्ट होतो: रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरचे आकडे स्थिर कसे करायचे

सिनेबेंचची टेस्ट तासभर चालते. प्राइम९५ची रात्रभर चालते. गेम बिनधास्त चालतात. आणि मग पीसी चालू ठेवून जेवायला गेलं, की परत येईपर्यंत समोर लॉगिन स्क्रीन. निळी स्क्रीन आलेली नसते, एररचा मेसेज नसतो. डिस्प्ले काळा होतो आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होतं. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेवर पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादांच्या वर पळू देणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला, म्हणजे 'अजून जोरात स्ट्रेस टेस्ट लाव', बहुतेक वेळा उपयोगाचा नसतो. दोष जोराच्या कामात दिसतच नाही. तो हलक्या कामात दिसतो.

पुढचं सगळं रायझन ५ ५६००एक्स डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: सहा कोअर, बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम. ५८००एक्सला हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते, ५९००एक्स आणि ५९५०एक्सला कोअर जास्त म्हणून वेळ जास्त लागतो इतकंच. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि तो काहीही न छेडता क्रॅश होत असेल, तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. त्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे होणारा वेगळा दोष आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी ०एक्स१२९ मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे आधी बायोस अपडेट, तरी थांबलं नाही तर वॉरंटी.

आधी हे पाहा की दोष ओव्हरक्लॉकचाच आहे का

बायोसमध्ये जाऊन 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करा. यात एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) सुद्धा बंद होतं, आणि ते बंदच राहू द्या. 'रॅमचं एक्सएमपी तर कंपनीनेच दिलंय, ते कुठे ओव्हरक्लॉक' असं बरेच जण म्हणतात. पण या प्रोसेसरचा अधिकृत रॅम-वेग डीडीआर४-३२०० आहे. ३६००चं किट एक्सएमपीवर चालवलं की प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला मार्ग) दोन्ही ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळतात. म्हणजे तेही ओव्हरक्लॉकच.

आता अशा डिफॉल्ट अवस्थेत पीसी रोजच्यासारखा वापरा. रिस्टार्ट साधारण किती दिवसांनी होत होता, त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ. कंटाळवाणं आहे, पण ही पायरी गाळली तर पुढे कर्व्हचे आकडे वरखाली करण्यात महिना जातो आणि शेवटी दोष एसएमपीएसचा, म्हणजे पॉवर सप्लायचा, निघतो.

डिफॉल्टवरही रिस्टार्ट झाला, तर पाहण्याच्या जागा वेगळ्या. एक म्हणजे यूपीएस. घरगुती स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, आणि अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या काही एसएमपीएसना ते झेपत नाही. लाइट क्षणभर लुकलुकली, यूपीएस 'टक' वाजला आणि त्याच वेळी पीसी गेला, असं असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे. दुसरी जागा म्हणजे बायोसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'. काही जुन्या एसएमपीएसना फार कमी करंट ओढला जाणं सोसत नाही. तिथे 'टिपिकल करंट आयडल' निवडून पाहायचं. हे दोन्ही करूनही थांबलं नाही, तर बोर्ड, रॅम किंवा प्रोसेसरच सदोष असू शकतो. प्रोसेसर लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेतलेला असेल तर ही डिफॉल्टची चाचणी परतीची मुदत चालू असेपर्यंत उरकून टाकावी.

डिफॉल्टवर शांत, आणि फक्त एक्सएमपी चालू केल्यावर पुन्हा त्रास? मग रॅमचं आधी निस्तरा. ३६००वर फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झ, रॅमच्या क्लॉकशी एकास एक प्रमाण, आणि एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१ व्होल्टच्या आसपास. एवढ्यावर बहुतेक मशीन बसतात. मेमटेस्ट८६ रात्रभर लावून एकही एरर नको. एकसुद्धा. रॅमचा घोळ मागे ठेवून प्रोसेसरचे आकडे शोधायला गेलात, तर कुठली एरर कुणाची हे कधीच कळणार नाही.

इव्हेंट व्ह्यूअर काय सांगतो

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टीम'. रिस्टार्टच्या वेळेच्या आसपास लाल खुणेची 'कर्नल-पॉवर, ४१' ही नोंद दिसेल, आणि सगळे तिच्याच मागे लागतात. ती सोडून द्या. ४१चा अर्थ फक्त एवढाच, की मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच आहे.

शोधायचं ते 'डब्ल्यूएचईए-लॉगर', म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची नोंद. त्याची १८ क्रमांकाची नोंद असेल तर उघडून नीट वाचा. मजकूर साधारण असा असतो: रिपोर्टेड बाय कंपोनंट, प्रोसेसर कोअर, एरर सोर्स, मशीन चेक एक्सेप्शन, एरर टाइप, कॅश हायरार्की एरर, आणि शेवटी प्रोसेसर एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक), समजा ४. या शेवटच्या आकड्यासाठीच इथे यायचं. ५६००एक्समध्ये प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून आयडीला दोनने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ४ किंवा ५ आला तर कोअर २. कोअर मोजायला शून्यापासून सुरुवात करायची, म्हणजे हा तिसरा कोअर झाला.

इथे एक खड्डा आहे. एचडब्ल्यूइन्फो (प्रोसेसरचे वेग, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम) कोअर शून्यापासून मोजतो, बायोसही सहसा शून्यापासूनच. एएमडीचं रायझन मास्टर मात्र एकपासून मोजतं. रायझन मास्टरमध्ये पाहून 'कोअर ३'चा आकडा ठरवला आणि बायोसमध्ये 'कोअर ३'ला टाकला, की भलत्याच कोअरला औषध दिलं जातं. आजारी कोअर तसाच राहतो आणि माणूस म्हणतो, 'पाचने वाढवून पाहिलं, काही फरक नाही.' कागदावर आधी दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी लिहून घ्या.

१८ऐवजी १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली असेल आणि प्रकार 'बस/इंटरकनेक्ट एरर' असेल, तर संशय फॅब्रिकवर घ्यायचा. हे १९००च्या आसपास किंवा त्यापुढे फॅब्रिक ताणणाऱ्यांना दिसतं. मशीन चालत राहतं, कारण या एरर दुरुस्त होऊन गेलेल्या असतात, पण त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. १८०० वर या.

आणि काहीच नोंद नसेल तर? तेही होतं. कोअर इतक्या पटकन पडतो की लिहायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी कोअर शोधून काढावा लागतो, ते पुढे आलंच आहे.

जोराची टेस्ट का फसवते

५६००एक्सच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: एकूण पॉवर ७६ वॅट, करंट सतत ६० आणि क्षणभरापुरता ९० अँपिअर. सहाही कोअरवर प्राइम९५ सोडला की या मर्यादा लगेच लागतात आणि प्रोसेसर स्वतःहून वेग खाली आणतो. बॉक्सवर ४.६ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी त्या वेळी कोअर त्याच्या बरेच खाली पळत असतात. खालच्या वेगाला लागणारं व्होल्टेज कमी, म्हणून आपण कर्व्हमधून थोडं कापलेलं असलं तरी शिल्लक उरते. टेस्ट रात्रभर पास होते, यात नवल नाही.

आता पीसी रिकामा आहे असं धरा. पाच कोअर झोपलेले. ब्राउझरच्या एखाद्या टॅबला काहीतरी सुचतं, किंवा विंडोज मागे अपडेट तपासतं, आणि एकच कोअर जागा होतो. पॉवर भरपूर शिल्लक, प्रोसेसर थंड. मग त्याला थेट सगळ्यात वरचा वेग मिळतो. ५६००एक्सवर हा प्रत्यक्षात ४६५० मेगाहर्ट्झ असतो, आणि बूस्ट ओव्हरराइड (कमाल वेग वाढवणारं सेटिंग) +२०० लावलेलं असेल तर ४८५०. वेग-व्होल्टेजच्या आलेखाचं हे शेवटचं टोक. इथे कारखान्यानेच शिल्लक फार थोडी ठेवलेली असते, आणि नेमकी तीच आपण उणे आकडा टाकून काढून घेतो. त्यात झोपेतून जागं होताना व्होल्टेज क्षणभर खचतं. कोअर एक गणित चुकतो, मशीन चेक होतो, रिस्टार्ट.

कर्व्ह ऑप्टिमायझरच्या एका अंकाला एएमडी ३ ते ५ मिलिव्होल्ट धरतं. मर्यादा उणे ३० पर्यंत. म्हणजे उणे ३० लावणारा माणूस जवळजवळ ९० ते १५० मिलिव्होल्ट कापतोय. 'ऑल कोअर, उणे ३०, रॉक स्टेबल' असं लिहून सिनेबेंचचा स्कोअर मिरवणारे स्क्रीनशॉट खूप फिरतात. सहाही कोअर उणे ३०ला तगणारी चिप निघतेच नाही असं नाही, पण त्या स्क्रीनशॉटवरून ते सिद्ध होत नाही. पंधरवडाभर ब्राउझर, व्हिडिओ, स्लीप-वेक सगळं झाल्यावर तोच माणूस काय म्हणतो ते ऐकायला हवं.

शिवाय सगळे कोअर सारखे नसतात. रायझन मास्टर सगळ्यात चांगल्या कोअरला चांदणी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कोअरला टिंब दाखवतं. विंडोज हलकी कामं मुद्दाम याच दोघांकडे पाठवतं. 'चांगला कोअर म्हणजे जास्त उणे सोसेल' असं मनात येतं, घडतं सहसा उलटं. चांगला आहे म्हणूनच कारखान्याने त्याला आधीच कमी व्होल्टेजवर बसवलेलं असतं. आणखी कापायला जागा थोडी. शिवाय वरच्या टोकाला जाण्याचे प्रसंगही त्याच्याच वाट्याला जास्त येतात. 'ऑल कोअर'च्या एका आकड्यात हे दोन कोअर पहिले पडतात, आणि त्यांच्यासाठी सगळ्यांचा आकडा वर आणला तर बाकी चौघांची गुंजाइश वाया जाते. म्हणून 'पर कोअर'. त्याला पर्याय नाही.

आकडे शोधताना

आधी बॅकअप. अस्थिर प्रोसेसर रिस्टार्ट होतो तेव्हा निदान कळतं तरी. गणित चुकून फाइल बिघडते तेव्हा कळतही नाही. महत्त्वाचं सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर टाका आणि तो ड्राइव्ह काढून ठेवा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ हाही त्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकच आहे.

बायोसमध्ये 'एएमडी ओव्हरक्लॉकिंग', त्यात 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह', तिथे 'अॅडव्हान्स्ड', मग 'कर्व्ह ऑप्टिमायझर', 'पर कोअर'. प्रत्येक कोअरला दोन खाने असतात, एक चिन्हाचा आणि एक आकड्याचा. चिन्हाचा खाना बहुतेक बोर्डांवर आधी 'पॉझिटिव्ह' असतो. नुसता आकडा टाकून बाहेर आलं, की व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतं, तापमान चढतं, आणि 'अंडरव्होल्ट करूनही गरमच' अशी तक्रार सुरू होते. अनेक बोर्डांवर पीबीओ दोन ठिकाणी असतं, बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मेनूत आणि एएमडीच्या मेनूत. एकाच ठिकाणी भरा, दुसरीकडे 'ऑटो' राहू द्या.

बूस्ट ओव्हरराइड सुरुवातीला शून्य. दोन्ही गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कुणाचा ते शोधत बसावं लागेल. पॉवरच्या मर्यादाही तशाच ठेवा. '५६००एक्स'सोबत येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरवर 'मदरबोर्ड लिमिट्स' निवडणं म्हणजे ९५ अंशांच्या मर्यादेला डोकं टेकवून ठेवणं.

पहिला अंदाज: चांदणी आणि टिंबवाल्या कोअरना उणे ५, बाकीच्यांना उणे १५. काही जण सगळ्यांना उणे ३० देऊन वर येतात. ते लवकर होतं, पण प्रत्येक अपयशाला चालू विंडोज आपटतं. मला खाली उतरत जाणं बरं वाटतं.

टेस्टसाठी कोअरसायकलर नावाची मोफत स्क्रिप्ट आहे. ती प्राइम९५ एकाच कोअरवर चालवते, ठरलेला वेळ झाला की पुढच्या कोअरवर जाते, आणि कुठला कोअर चुकला ते लॉगमध्ये लिहिते. बाकी कोअर मोकळे असल्याने तो एकटा वरच्या टोकाला पोहोचतो. नेमकी हीच अवस्था आपल्याला तपासायची आहे. कॉन्फिग फाइलमध्ये मोड एसएसई ठेवा. एसएसई आणि एव्हीएक्स२ हे प्रोसेसरच्या गणिती सूचनांचे संच. एव्हीएक्स२ जड असतं, त्यात वेग थोडा उतरतो आणि टोक निसटतं. ते नंतर एकदा वेगळं चालवून घ्या. एफएफटीचा (टेस्टमधल्या गणिताचा) आकार 'ह्यूज'पासून सुरू करा. 'सस्पेंड पिरिऑडिकली' चालू असू द्या. ते मधूनच टेस्ट क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करतं, म्हणजे कोअर सैलावतो आणि परत उडी घेतो.

कोअर चुकला की प्राइम९५ म्हणतं: 'फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. पीसीच रिस्टार्ट झाला तर लॉग फोल्डरमधली ताजी फाइल उघडून शेवटची ओळ पाहा. ज्या कोअरवर टेस्ट चालू होती तोच गुन्हेगार, निदान बहुतेक वेळा. त्याचा आकडा तीनाने वर, म्हणजे उणे १५ चा उणे १२. सुरू झाल्या झाल्या पडला असेल तर पाचने. जे कोअर रात्रभर तगले ते तीनाने खाली. मग पुन्हा रात्र.

एका वेळी एकाच कोअरचा आकडा बदलायचा हा नियम रॅमला लागू आहे तसा इथे नाही, कारण प्रत्येक कोअर वेगळा तपासला जातोय. सहाही एकत्र हलवले तरी चालतं. फक्त वही ठेवा. माझ्या ५६००एक्सवर शेवटी बसलेले आकडे असे आहेत, कोअर ० पासून क्रमाने: उणे १२, उणे २५, उणे ६, उणे २२, उणे ९, उणे २८. चांदणी कोअर २ वर आहे आणि टिंब कोअर ४ वर. हे आकडे कॉपी करू नका, तुमच्या चिपवर ते निरर्थक आहेत. पण आकड्यांमधली दरी बघा. एकाच चिपमध्ये ६ आणि २८.

टेस्ट पास झाली त्या आकड्यापासून मी आणखी दोन अंक वर येतो. पास होण्याची सीमा आणि रोज वापरण्याची सीमा एक ठेवली, तर हवामान बदललं की पुन्हा बोंब. आपल्याकडे उन्हाळ्यात तपासून घ्यावं असा समज आहे, कारण विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. जोराच्या कामासाठी ते बरोबर. या रिस्टार्टसाठी मात्र थंडीही तितकीच तपासावी लागते. थंड प्रोसेसर वरच्या वेगावर अधिक वेळा आणि अधिक वेळ जातो, आणि मेमध्ये गुण्यागोविंदाने चाललेला कोअर डिसेंबरच्या पहाटे पडतो.

पास झालं, पण वेग वाढलाच नाही

हेही होतं. उणे आकडा फार झाला की कोअर दर वेळी पडेलच असं नाही. काही वेळा तो आतून क्लॉक ताणतो. टास्क मॅनेजरमध्ये ४६५० दिसतात, काम त्यापेक्षा कमी वेगाने होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' नावाची वेगळी ओळ असते. एकाच कोअरवर पूर्ण भार टाकून त्याची 'कोअर क्लॉक' आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक' शेजारी ठेवा. दहावीस मेगाहर्ट्झचा फरक चालतो. शंभर-दोनशेचा असेल तर तो आकडा वर आणा. सिनेबेंचचा एका कोअरचा स्कोअर डिफॉल्टपेक्षा खाली गेला असेल, तर हेच चाललेलं असतं.

हे झाल्यावरच बूस्ट ओव्हरराइड, तेही पन्नासच्या पायरीने. +५० केलं की कोअरसायकलर पुन्हा पहिल्यापासून, कारण आलेखाचं टोक पुढे सरकलं आणि आधीचे आकडे आता त्या टोकाचे राहिले नाहीत. चांदणीवाल्या कोअरला इथे बहुधा दोनतीन अंक परत द्यावे लागतात. माझ्या मते +२०० च्या मागे लागण्यात अर्थ नाही. मिळणारा वेग डोळ्याला दिसत नाही आणि रिस्टार्ट मात्र दिसतो.

एकटा कोअर वरच्या टोकाला असताना एचडब्ल्यूइन्फोवर १.४५ ते १.५ व्होल्ट दिसले तर दचकू नका. हलक्या कामात, कमी करंटवर, रायझनचं ते डिफॉल्ट वागणं आहे. हेच व्होल्टेज हाताने 'फिक्स' करून सगळ्या कोअरवर जोराचं काम चालवणं मात्र चिप मारण्याचा मार्ग आहे.

'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल' (कोअरना झोपू देणारं बायोस सेटिंग) बंद केलं की रिस्टार्ट थांबतो, असा उपाय कोणी ना कोणी सुचवतंच. कधी खरंच थांबतो. कोअर झोपतच नाहीत, म्हणून जागं होताना पडण्याचा प्रसंग येत नाही. पण आजारी कोअरचा आकडा तसाच राहतो, रिकामा पीसी उगाच वीज खातो, आणि एखाद्या दिवशी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची सूचना, येते. निदानासाठी एक दिवस बंद करून पाहा, मग चालू करा आणि आकडा दुरुस्त करा.

आकडे खूप खाली नेल्यावर पीसी बायोसपर्यंतही पोहोचला नाही, तर स्विच बंद करून, प्लग काढून, बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर काही सेकंद जोडायचा. जंपर सापडत नसेल तर सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवायचा. सगळं डिफॉल्टवर येतं, भरलेले आकडेही जातात. बायोस अपडेट केल्यावरही ते बहुधा पुसले जातात, आणि नव्या एजेसावर (बायोसमधल्या एएमडीच्या कोडवर) जुने आकडे तसेच चालतील याची खात्री नसते. म्हणून अपडेटच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि नंतर आकडे परत भरले की कोअरसायकलरची एक रात्र पुन्हा द्या.